देवमाशाच्या बोटीतली जागा

जानेवारी लागला की सातवीच्या मुलींना देवमाशाची गोष्ट हवी असते. अमरावतीच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि सस्तन प्राण्यांचा धडा नेमका या दिवसांत येतो. सकाळच्या शाळेला मुली स्वेटर घालून येतात, त्या स्वेटरांना अजून डांबरगोळ्यांचा वास असतो. मधल्या सुट्टीत डबे उघडले की सोल्यांच्या भाजीचा, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांचा, वास वर्गभर फिरतो. आणि मोठ्या बहिणीकडून ऐकून आलेली कुणीतरी हात वर करते. "मॅडम, तुम्ही खरा देवमासा पाहिला ना? सांगा ना."

मी सांगते. बोट कशी होती, पाणी कसं होतं, आधी काय दिसलं, मग काय वर आलं. लांबी दाखवायला दोन हात पुरत नाहीत, म्हणून वर्गाच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत चालत जाते. मुली गप्प होऊन ऐकतात. परवा एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही एकट्या गेल्या होत्या?" मी म्हटलं, नाही, एक मैत्रीण होती. "मग त्यांना कसं वाटलं?" मी म्हटलं, तिला बोट लागली होती, ती ओकत होती. वर्ग हसला. तेवढ्यात तास संपला.

स्टाफरूममध्ये येऊन बसले तेव्हा लक्षात आलं की तीन वर्षं मी ही गोष्ट एकाच जागी थांबवते आहे. देवमासा पाण्याखाली जातो आणि गोष्ट संपते. बाराएक वर्षांच्या मुलींना यापुढचं सांगायचं कसं, हे मला अजून सुचलेलं नाही. म्हणून इथं लिहिते.

ती मैत्रीण म्हणजे विद्या. अकोल्याची, वकील. आमची ओळख कापशीच्या तलावावर झाली, वीस वर्षं होऊन गेली त्याला. तेव्हा मी बाळापूरला होते. आमच्या संस्थेची तिथं शाळा आहे, तिथं मी सहा वर्षं शिकवलं. हिवाळ्यातल्या एका रविवारी एसटीनं कापशीला उतरले आणि काठावर बसून पुस्तकातली चित्रं आणि पाण्यातली बदकं जुळवत होते. एकही जुळत नव्हतं. शेजारी एक बाई येऊन उभी राहिली, पायात कोर्टात घालायचे काळे बूट, गळ्यात दुर्बीण. तिनं माझ्या पुस्तकात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "पान चुकलं तुमचं. ते थापट्या आहेत. चोच पाहा ना, चमच्यासारखी आहे."

त्या दिवसापासून आमचे हिवाळे एकत्र जायला लागले. माझी बदली अमरावतीला झाली तरी खंड पडला नाही. बदनेऱ्याहून सकाळची गाडी, अकोल्याला विद्याची स्कूटर, थर्मासमध्ये चहा. पुढे स्कूटरची कार झाली, दुर्बिणीच्या जोडीला मोठा कॅमेरा आला. लग्न, मुलं, सासूचं आजारपण, तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन, सगळं त्या काठांवर बसून एकमेकींना सांगितलं. मी तिला जितकं सांगितलं तितकं सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. नोव्हेंबरात पहिली बदकं उतरली की दोघींपैकी जी आधी पाहील तिनं दुसरीला कळवायचं, असा रिवाज होता. "आली," एवढंच. कोण आली ते विचारावं लागत नसे.

देवमासा पाहायचा हे माझं खूळ होतं. सव्वीस वर्षं मी मुलींना सांगत आले होते की देवमासा हा मासा नाही, त्याला फुप्फुसं असतात, श्वास घ्यायला तो वर येतो, पिल्लाला दूध पाजतो. आणि मी स्वतः समुद्रसुद्धा धड पाहिलेला नव्हता. एकदा शाळेच्या सहलीबरोबर मुंबईला गेले तेव्हा चाळीस मुली मोजण्यात समुद्राकडे पाठच राहिली. कोकणच्या किनाऱ्यापासून आत खोल पाण्यात देवमासे दिसतात, मालवणहून बोटी जातात, हे वाचल्यापासून मी विद्याच्या मागं लागले होते. ती म्हणायची, "अगं, मले तर तलावातल्या होडीतही चक्कर येते."

आता सलीमभाईंबद्दल सांगायला हवं.

बाळापूरला असताना माझ्या वर्गात नसरीन नावाची मुलगी होती. एक दिवस तिनं वहीत घालून एक पीस आणलं. वीतभर लांब, तपकिरी, त्यावर गडद पट्टे, आणि कडा इतकी मऊ की बोटाला लागतच नव्हती. मी विचारलं, कुठं सापडलं. ती म्हणाली, "आमच्या नाल्यात. अब्बा म्हणतात कोणाले दाखवायचं नाही, पण तुम्हाले दाखवलं तर चालते."

सलीमभाई तिचे वडील. बाळापूरपासून थोड्या अंतरावर त्यांचं शेत. कपाशी, तूर, हिवाळ्यात हरभरा. शेताच्या कडेनं खोल नाला जातो आणि त्याच्या उभ्या दरडीत, बाभळीच्या उघड्या पडलेल्या मुळांखाली, एक कपार आहे. तिथं शृंगी घुबडाची जोडी दरवर्षी अंडी घालायची. मोठं घुबड, डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे दोन तुरे, नारिंगी डोळे. सलीमभाईंनी मला दुरून, तुरीच्या ओळीत बसवून ते दाखवलं आणि सांगितलं, "मॅडम, तुमी कवाबी या. पण दुसऱ्या कोनाले सांगू नका. दिवाळीच्या टायमाले लोक घुबडं शोधत फिरतात. जादूटोन्याले लागते त्यायले. मी गावात सांगून ठेवलं, माह्या शेतात घुबड नाही, कधी नव्हतं. मस्जिदीत जाणारा मानूस आहे मी मॅडम, झूट बोलणं जड जाते. पण बोलतो."

विद्याला तिथं नेण्याआधी मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तुमच्या भरोशावर आणा." तशी मी तिला आणलं. त्या जोडीची जागा सलीमभाईंच्या घराबाहेर आम्हा दोघींनाच माहीत होती. हिवाळ्यातून एकदा आम्ही जायचो, तासभर तुरीत बसायचो, फोटो काढायचो नाही. तो नियम विद्यानंच केला होता.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात तिचा फोन आला. "मालवणच्या बोटीत दोन जागा मिळाल्या. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं की निघायचं."

मला खरं वाटेना. पुण्याचा निनाद नावाचा एक तरुण पक्षी दाखवायच्या सहली काढतो, त्याची ती बोट. बारा जागा, आणि वर्ष-वर्ष थांबलेले लोक. आम्हाला कशा मिळाल्या, मी विचारलं. विद्या म्हणाली, "ओळखीनं. तू बॅग भर." मी आणखी काही विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं. पण आनंदात असलेलं माणूस प्रश्न विचारत नाही.

बोट सकाळी सातला सुटली. मासेमारीचाच ट्रॉलर, लाकडी, डिझेलचा आणि सुक्या माशांचा वास मारणारा, मधे दोन्ही बाजूंना बाकं टाकलेली. अंगात नारिंगी जाकिटं. निनादनं सगळ्यांना आल्याच्या वड्या वाटल्या. बोट चालवणारे तांडेल साठीच्या पुढचे, शब्द मोजून बोलणारे. किनारा मागं पडला, किल्ला मागं पडला, मग माडांची रेघसुद्धा पुसट झाली आणि चहूकडं फक्त पाणी उरलं. आमच्याकडचं पाणी मला माहीत आहे. धरणाचं, तलावाचं, पावसाळ्यात गढूळ होऊन पुलावरून जाणारं. त्याला कुठंतरी काठ असतो. इथं डोळ्याला टेकायला जागाच नव्हती. सुरुवातीला भीती वाटली आणि मग ती भीतीच आवडायला लागली.

विद्याला तासाभरातच बोट लागली. मी तिची पाठ धरून उभी राहिले, पाणी दिलं, तोंड पुसायला माझा रुमाल दिला. ती म्हणाली, "तुह्यासाठी आली मी, लक्षात ठेव." मी हसले आणि म्हटलं, "जन्मभर ठेवीन."

मासेमारीचे दुसरे ट्रॉलर जिथं जाळी ओढत होते तिथं पक्ष्यांचे थवे होते. कुरव तर शेकड्यांनी. सुरय पांढऱ्या कागदाच्या कपट्यांसारखे पाण्यावर पडत आणि चोचीत चांदीचा तुकडा घेऊन उठत. निनाद एकेकाचं नाव ओरडून सांगत होता. मग एक गडद तपकिरी, जाड छातीचा पक्षी आला आणि एका सुरयाच्या मागं लागला. वळणं घेत, पाण्याला टेकत, पुन्हा वर. शेवटी त्या बिचाऱ्यानं गिळलेला मासा ओकून टाकला आणि त्या तपकिरी पक्ष्यानं तो पाण्यात पडायच्या आत झेलला. स्कुआ, निनाद म्हणाला. हा असाच जगतो. मी वहीत लिहून घेतलं, मुलींना सांगायला.

दहाच्या सुमाराला तांडेलांनी इंजिन बंद केलं. आता थांबायचं, ते म्हणाले. बोट डुलत राहिली. कुणी टोप्या तोंडावर घेऊन आडवे झाले, कुणी पोळीभाजी काढली. माझ्या शेजारी पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, दातांच्या. बोलक्या, मोकळ्या. मी अमरावतीची म्हटल्यावर त्या एकदम खूश झाल्या.

"अय्या, मग तुमच्याकडच्याच त्या घुबडांनी आम्हाला वेड लावलं की. महिन्याभरापूर्वी निनादनं आम्हाला नेलं होतं ना तिकडं. थांबा, दाखवते."

त्यांनी कॅमेरा पुढं केला. छोट्या पडद्यावर आधी एक नारिंगी डोळा आला. मग पूर्ण घुबड, अंग फुगवलेलं, पंख पसरलेले, चोच उघडी. घुबड असं फुगतं ते घाबरलं की. पुढच्या फोटोत दोन पांढरी कापसाच्या बोळ्यांसारखी पिल्लं, फ्लॅशच्या उजेडात डोळे दिपलेली, इतक्या जवळून काढलेली की चोचीवरचा चिखल दिसत होता. त्यांच्या वर बाभळीची मुळं. पुढच्या फोटोत दरडीसमोर सात-आठ माणसं, तिकाट्यांवर कॅमेरे लावलेली, आणि त्यांच्या पायांखालून गेलेला सलीमभाईंच्या मोटारीचा निळा पाइप, त्याच्या जोडावर नसरीनच्या जुन्या ओढणीचा लाल तुकडा बांधलेला.

"बाहेर येईना हो आधी," बाई सांगत होत्या. "मग निनादनं मोबाइलवर घुबडाचा आवाज लावला. लगेच आलं अंगावर. काय भारी बर्ड आहे."

मी मान वर केली. विद्या समोरच्या बाकावर, लिंबू हुंगत बसली होती. ती माझ्याकडंच पाहत होती. कॅमेऱ्याचा पडदा तिला दिसत नव्हता, पण माझा चेहरा दिसत होता, आणि वीस वर्षांत तिला तो पाठ झालेला होता. तिनं नजर खाली केली. मला त्याच क्षणी सगळं कळलं. कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

"उजव्या बाजूक बघा," तांडेल म्हणाले.

सगळे उठले. बोट एका अंगाला कलली. मी उठले की मला कुणी उठवलं ते आठवत नाही, पण मी कठड्याला होते. आधी आवाज आला. कुकरची शिट्टी पडताना येतो तसा, पण खोल, लांबलेला, जिवंत. पाण्यातून तुषारांचा खांब उठला आणि विरला. त्याचा वास आमच्यापर्यंत आला, कुजक्या मासळीचा, उबदार. मग पाठ वर आली. काळी, ओली, चकचकीत. येत राहिली, येत राहिली, मला वाटलं ही संपणारच नाही. अगदी शेवटी छोटा, मागं वळलेला पर. आणि ती सगळी लांबी काही गडबड न करता पाण्यात उतरून गेली. जिथं ती उतरली तिथं पाणी गुळगुळीत झालं, तेल सांडल्यासारखं.

तो तीनदा वर आला. दुसऱ्यांदा इतका जवळ की त्याच्या नाकपुड्या उघडलेल्या दिसल्या. सव्वीस वर्षं मी फळ्यावर काढलेलं चित्र माझ्यासमोर श्वास घेत होतं. आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्याभोवती हात टाकला. "होतं असं पहिल्यांदा," त्या म्हणाल्या. "मीही रडले होते."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांना कुठं काय माहीत होतं? मला हे कळत होतं की मी समोर पाहायला हवं, हा क्षण पुन्हा येणार नाही. मी पाहतही होते. पण देवमाशाच्या काळ्या पाठीवर मला ती दोन पिल्लं दिसत होती, फ्लॅशमध्ये डोळे दिपलेली. तेव्हापासून ती दोन चित्रं वेगळी होत नाहीत. मी पुष्कळ प्रयत्न केला. आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट जिथं ठेवली आहे, तिथंच ही दुसरी ठेवलेली आहे.

त्या गर्दीत कुणीतरी माझा हात घट्ट धरला. विद्याचा हात. काही चांगलं दिसलं की ती असाच हात धरायची, पहिल्यापासून. मी काढून घेतला नाही. सवय असेल.

दुपारी उतरल्यावर राहायच्या घराच्या अंगणात ती कॅमेऱ्याच्या भिंगावरचं खारं पाणी पुसत बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

"निनादला नाल्याचा पत्ता तू दिला?"

ती पुसत राहिली. "हो."

"कावून?"

"बोटीत बारा जागा होत्या. वऱ्हाडातल्या दोन बायांना त्या कोण देते? त्याला घुबडं पाहिजे होती. दिवसाउजेडी, पिल्लांसकट. तशी जागा त्याच्याजवळ नव्हती. आपल्याजवळ होती."

"आपल्याजवळ नव्हती. सलीमभाईंची होती."

"घुबडं काय त्यांच्या सातबाऱ्यावर लिहून दिली आहेत?" कोर्टातला आवाज होता तो. मग जरा खाली आला. "एक दिवस जाऊन फोटो काढले त्यांनी. काही तोडलं नाही, काही नेलं नाही. तू उगाच मनाला लावून घेऊन राहिली."

"मला विचारायचं होतं ना."

"विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतं."

"हो, म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं." तिनं भिंगावर फुंकर मारली. "आणि देवमासा कोणाला पाहायचा होता? मला? मी तर सकाळपासून आतडी ओकून राहिली. आठ वर्षं झाली, दर हिवाळ्यात तेच ऐकते, विद्या, देवमासा, विद्या, देवमासा. पाहिला ना आता? मग?"

तिनं मला फसवलं ते तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी, आणि ते खोटंही नव्हतं. कुणी आपलं काही चोरून नेलं तर निदान रागावता येतं. तिनं चोरून आणून मलाच दिलं होतं, आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं होतं.

परतीच्या प्रवासात आम्ही बोललो. चहा घेतेस का, खिडकी लावू का, इतपत. अकोला आलं तेव्हा ती बॅग घेऊन उतरली आणि खिडकीपाशी येऊन म्हणाली, "पोचलीस की फोन कर." नेहमीसारखं. गाडी हलली. मी फोन केला नाही.

घरी यजमानांनी विचारलं, "दिसला का मग तुझा मासा?" मी म्हटलं, मासा नाही तो. आणि आंघोळीला गेले. केसांतून मीठ निघता निघेना.

पुढच्या रविवारी बाळापूरला गेले. सलीमभाई हरभऱ्याला पाणी देत होते. मला पाहून त्यांनी मोटार बंद केली, हात धुतले, बाज बाभळीच्या सावलीत ओढून दिली. नसरीन आता सासरी, अकोटला. घरातून तिच्या अम्मीनं चहा पाठवला. सगळं पूर्वीसारखं होतं, फक्त ते माझ्या तोंडाकडं पाहत नव्हते.

"नाल्यात काय झालं, सलीमभाई?"

"काही नाही ना राहिलं आता." ते दरडीकडं पाहत म्हणाले. "ते लोक दोन डाव आले. एकदा पाच-सहा, मग दोन गाड्या भरून. एक मानूस दरडीवर चढून राहिला होता, मीच म्हटलं, पडशील बाबा. त्यायच्या गडबडीत एक पिल्लू खाली आलं. रात्री कुत्र्यानं नेलं. मोठी जोडी मग दोन-तीन दिवस दिसली लांब, त्या लिंबावर. मग नाही दिसली. दुसरं पिल्लू चार दिवस वरडत होतं. मी उंदीर मारून टाकून पाहिला. त्यानं खाल्ला नाही."

"तुम्ही त्यांना उतरू कसं दिलं?"

आता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमचं नाव सांगितलं ना त्यायनं. मॅडमनं पाठवलं म्हणे, बाळापूरच्या शाळेवाल्या मॅडमनं. नसरीनचंही नाव मालूम होतं त्यायले. मी म्हटलं, मॅडमची मानसं आहेत, तर बसा. चहा केला त्यायच्यासाठी."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. नसरीनचं नाव, पिसाची गोष्ट, हे मी विद्याला सांगितलं होतं. कापशीच्या काठावर, पहिल्या वर्षी.

"मी नाही पाठवलं सलीमभाई. मला माहीतच नव्हतं. माझ्या मैत्रिणीनं..." मी सगळं सांगितलं. बोटीचं, जागांचं, देवमाशाचंसुद्धा. सांगताना माझंच मला ऐकू येत होतं, ते किती हलकं वाटत होतं ते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमी झूट नाही बोलत, मले मालूम आहे," ते म्हणाले. "पण नाव तर तुमचंच होतं ना मॅडम."

ते पुढं म्हणाले, "आता गावाले मालूम पडलं. परवा दोघं जण येऊन गेले, विचारत होते, सलीमचाचा, घुबड कोणत्या अंगाले बसते. मी म्हटलं, गेलं. पहिल्यांदा खरं बोललो तर त्यायले खरं नाही वाटलं."

त्या संध्याकाळी अकोल्याच्या स्टँडवरून मी विद्याला फोन केला. सलीमभाईंचं, पिल्लांचं, काहीच सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "माझं नाव कावून सांगितलं त्यांना?"

ती शांतपणे म्हणाली, "माझ्या नावानं त्यांनी उतरू दिलं असतं का?"

हे आमचं शेवटचं बोलणं. म्हणजे तसं नंतर भेटलो आम्ही. एका लग्नात, एका पंक्तीत समोरासमोर बसलो. तिनं गुडघेदुखीचं विचारलं, मी सांगितलं. लोकांना वाटतं आमच्यात काही नाही. ते खरंच आहे, आता काहीच नाही. एकदा तिनं मोठ्या फ्रेममध्ये देवमाशाची पाठ पाठवली होती, तिनंच टिपलेली, उत्तम फोटो. यजमानांना तो बैठकीत लावायचा होता. मी शाळेला देऊन टाकला. नोव्हेंबरात तिचा संदेश येतो, "आली," एवढाच. मी तो वाचते. उत्तर लिहायला बोट पुढं होतं आणि मग मी फोन पालथा ठेवते. तिची आठवण येते, हे कबूल करायला हवं. काठावर एकटीनं बसलं की थर्मासमधला चहा फार होतो.

रागापेक्षा मला ही गोष्ट जास्त छळते, की तिनं माझं मन बरोबर ओळखलं होतं. मी विचारणार नाही हे तिला ठाऊक होतं. जागा मिळाल्या म्हटल्यावर मी नाचत सुटेन आणि कशा मिळाल्या ते एकदाच, वरवर विचारीन, हे तिनं धरून ठेवलं होतं. परका माणूस फसवतो तो अंदाजानं. तिला अंदाज करावा लागला नाही.

बाळापूरला मी जाते अजून, वर्षातून एकदा. सलीमभाई बाज ओढून देतात, चहा येतो. पावसाचं, भावाचं, नसरीनच्या मुलाचं बोलणं होतं. पहिल्या वर्षी त्यांनी माझ्याबरोबर नाल्यापर्यंत येणं टाळलं. दुसऱ्या वर्षी आले. कपारीत मातीचं पोळं झालं होतं, कुंभारमाशीचं.

यंदा सव्वीस जानेवारीनंतरच्या रविवारी गेले. हरभरा घाट्यावर आला होता. निघताना ते बांधापर्यंत सोडायला आले आणि जरा घुटमळले.

"मॅडम, आठ दिस झाले, तिन्हीसांजेला आवाज येऊन राहिला," ते म्हणाले. "दोघांचा येते. एक बोलते, दुसरं जबाब देते."

मी पटकन विचारलं, "त्याच नाल्यात?"

ते बांधावरच्या ढेकळाकडं पाहत राहिले. पायानं ते ढेकूळ फोडलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याला दुखवायचं नसतं तेव्हा असते तशी अडचण होती.

"आवाज येते, एवढंच सांगतो," ते म्हणाले. "कुठून येते ते नाही सांगत."

"नका सांगू," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी बांधावरून उतरले आणि रस्त्याला लागले. समोर दूरवर तुरी पिवळ्या पडल्या होत्या, पलीकडं नाल्याची काळी रेघ, त्यापलीकडं आणखी शेतं, आणखी बांध, आणखी झाडं. मी त्यांतल्या कुठल्याही झाडाकडं पाहिलं नाही. खाली मान घालून एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेले.